अकरा दिवसांचा चेक

हिशेब माझ्याकडे, गाई नवऱ्याकडे.
विस्कॉन्सिनात, महामार्ग सोडून आत,
तीनशे गाई आणि नऊ माणसं.
नऊ कुठली, सात. दोघं आम्हीच.

गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर आकडा.
तो आकडा त्या गाईचाच.
माणसांच्या आकड्यांबद्दल मला विचारू नका.
कार्ड पुढे आलं, मी नाव उतरवून घेतलं,
फोटो पाहिला, चेहरा पाहिला,
मग खिडकीबाहेर बर्फ किती साठलंय ते पाहिलं.
कायदा म्हणतो, कागद खरा वाटला की पुरे.
मला वाटला.
पहाटे तीनच्या धारेला माणूस हवा असला
की फार लवकर वाटतं.

तो आमच्याकडे रेमंड प्रुइट झाला.
रेमंडच्या नावे कर कापला, निवृत्तीचा हप्ता कापला;
टेक्ससमधल्या कुणा परक्याच्या, कदाचित मेलेल्याच्या
म्हातारपणाची तजवीज चार वर्षं
आमच्या गोठ्यात शेण ओढून होत राहिली.
दर वर्षी पत्र यायचं: नाव आणि क्रमांक जुळत नाहीत.
मी ते खणात ठेवायची,
आधीच्या पत्रावर, पालथं.

जाहिरात दिली होती हो. सहा महिने.
एक पोरगा आला, चर्चमधल्या ओळखीचा.
दुसऱ्या दिवशी जेवायला म्हणून गेला
तो अजून जेवतोय.

जानेवारीत, उणे सव्वीसला,
चारशे बारा नंबरची अडली. वासराचा एकच पाय बाहेर.
व्हर्लिन ओढून थकला, शिव्या देऊन थकला.
रेमंडने कोट काढला, खांद्यापर्यंत हात घातला,
डोळे मिटून, अंधारात किल्ली चाचपावी तसा,
आणि बोलत राहिला तिच्याशी
स्पॅनिशमध्ये नव्हे, दुसऱ्याच कुठल्या भाषेत.
वासरू जिवंत निघालं.
तिथून पुढे ती त्याच्याच हाताला पान्हवायची.

मार्चमध्ये काउंटीपुढे ठराव आला:
शेरीफने अशांना धरून द्यावं की नाही.
शाळेच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, पाणचट कॉफी.
एकजण म्हणाला, रांगेतून का येत नाहीत?
बर्निस उठली. कुठली रांग? बारमाही धारा काढणाऱ्याला
परवानाच नाही, वकिलाला पैसे देऊन विचारलंय मी.
मागून एक बाई म्हणाली, माझ्या भावाला कत्तलखान्यात
तासाला अठरा मिळायचे. आता तिथे अकरावर माणसं उभी आहेत.
तिला कुणी उत्तर दिलं नाही.
पगार वाढवा, असंही कुणी म्हणालं.
आम्ही दूधवाले छताकडे बघत बसलो.

मग हात वर करायला सांगितलं.
व्हर्लिनचा हात वर गेला. धरून द्यावं, या बाजूने.
मी पाहिलं तसा पुटपुटला,
"आपल्याकडे कोण येतंय तपासायला?"
माझे दोन्ही हात मांडीवर होते.
त्याला मी तेव्हा प्रामाणिकपणा समजले.

खरंच कुणी आलं नाही.
गाडीसुद्धा फिरकली नाही.
मंगळवारी पहाटे गोठ्यातला दिवा लागला नाही, इतकंच.
सात खाटा, घड्या घातलेली पांघरुणं,
चुलीवर घासून पालथा घातलेला तवा.
तीनशे कासा तटतटलेल्या;
ते हंबरणं शेरीफच्या घरापर्यंत गेलं असेल.
पहिली धार संपायला आम्हाला दुपारचे चार वाजले.
चारशे बाराने व्हर्लिनला लाथ घातली.

गोठ्यातल्या कॅलेंडरवर त्याने वेतांच्या तारखा लिहिलेल्या,
आणि कोपऱ्यात, पेन उमटतंय का बघायला असेल,
तीनदा एकच नाव: एलेउतेरिओ कोलोउआ.
मी मोठ्याने म्हणून पाहिलं. जीभ अडखळली.

अकरा दिवसांचा पगार राहिलाय.
रेमंडच्या नावे चेक फाडावा, तर घेणारा नाही.
खऱ्या नावे फाडावा, तर
मला माहीत होतं, हे माझ्याच अक्षरात होईल.
दोन्ही फाडले. खणात आहेत, पत्रांवर.

काल शेजारच्या गुंडरने एका मुकादमाचा नंबर दिला.
व्हर्लिन म्हणाला, तू लाव, तुझं बोलणं गोड.
लावला.
पलीकडच्याने नाव-गाव काही विचारलं नाही,
फक्त, किती हवेत?
मी म्हणाले, सात.